सल्ला टेबलाच्या दोन्ही बाजूंना हवा

जुलै २०२४ मध्ये मुंबईत कालिन्याला तरुणांची प्रचंड गर्दी उसळली. विमानतळावर सामानाची चढ-उतार करण्यासाठी माणसं हवीत, अशी एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेसची जाहिरात होती. जागा सुमारे २,२०० आणि येणारे हजारोंनी. त्यात पदवीधरही होते. रेटारेटी इतकी वाढली की मुलाखती बाजूलाच राहिल्या आणि अर्ज ठेवून घरी जा, असं लोकांना सांगावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले होते.

अशा रांगेत उभ्या असलेल्या मुलामुलींना सल्ला देणाऱ्यांची वाण नाही. कॉलेजचे प्लेसमेंट सेल, व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग, यूट्यूबवरचे मार्गदर्शक, नोकरीला लागलेला आतेभाऊ, सगळेच सांगत असतात. शर्टाला इस्त्री हवी, बुटाला पॉलिश हवं, नजरेला नजर द्यावी, ताठ बसावं, आत्मविश्वास दिसला पाहिजे. हे पाळून कुणाचं नुकसान होत नाही. पण यात दोन मोठ्या उणिवा आहेत. एक म्हणजे हा सल्ला दिसण्याबद्दल फार आणि कामाबद्दल फार थोडा बोलतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. सगळा सल्ला टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीलाच मिळतो. पलीकडे बसून दहा मिनिटांत एखाद्याच्या आयुष्याची पुढची काही वर्षं ठरवणाऱ्याला मुलाखत कशी घ्यावी, हे कुणी शिकवत नाही.

आधी अर्जाचं पाहावं लागेल, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात बायोडेटाचा नमुना संगणकावर तयारच असतो. नाव आणि टक्केवारी बदलली की काम झालं. त्यात वडिलांचं नाव असतं, धर्म असतो, विवाहित की अविवाहित ते असतं, छंदांत वाचन आणि क्रिकेट असतं, शेवटी वरील माहिती खरी असल्याची ग्वाही असते. या माणसाला काय करता येतं, हे मात्र ‘मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी’ अशा तीन शब्दांत आटोपलेलं असतं. हे शब्द गठ्ठ्यातल्या प्रत्येक अर्जात असतात, त्यामुळे त्यांवरून कुणाचीच निवड होऊ शकत नाही.

समजा, सोलापुरातल्या एका बी.कॉम. झालेल्या मुलाने कॉलेज करता करता संध्याकाळी कापडाच्या दुकानात काम केलं. तो अर्जात लिहितो, ‘टॅली येतं.’ त्याऐवजी त्याने असं लिहावं: दोन वर्षं दुकानाची खरेदी-विक्रीची सगळी बिलं टॅलीत नोंदवली, महिनाअखेरीस जीएसटीच्या विवरणपत्रासाठी आकडे जुळवून सीएंकडे दिले. वाचणाऱ्याला लगेच समजतं की हा मुलगा सोमवारी कामावर आला तर दुपारपर्यंत काय करू शकेल. गणेश मंडळाची वर्गणी आणि खर्च सांभाळून धर्मादाय आयुक्तांकडे सादर करण्याजोगा हिशेब ज्याने तयार केला, त्याने तेही लिहावं. पैशाचा हिशेब चोख ठेवल्याचा तो पुरावा आहे. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून एखाद्या नगरपरिषदेत काम केलेल्यांनी नुसतं योजनेचं नाव लिहून थांबू नये. किती दाखल्यांची नोंद केली, कोणती यादी संगणकावर चढवली, कोणत्या टेबलावर लोकांना सामोरं गेलो, हे दोन ओळींत सांगावं. धर्म, वैवाहिक स्थिती आणि वडिलांचा व्यवसाय हे रकाने, सरकारी अर्जात मागितलेले नसतील तर, सरळ काढून टाकावेत. कामाशी त्यांचा संबंध नाही. त्यांचा वापर कशासाठी होऊ शकतो, ते पुढे येईलच.

मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक चाळतो. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांची पाहणी करून २०२१ मध्ये अहवाल काढला. आपल्या यंत्रणा ठरवलेल्या निकषांशी तंतोतंत न जुळणारे लायक उमेदवारही बाहेर टाकतात, हे ८८ टक्के कंपन्यांनी मान्य केलं. जवळपास निम्म्या कंपन्यांत, कामात सहा महिन्यांहून मोठा खंड असेल तर अर्ज आपोआप वगळला जात होता. आजारपण, बाळंतपण, घरातल्या वृद्धाची शुश्रूषा, यंत्राला कारण कळत नाही. म्हणून जाहिरातीत कामाचं जे नाव, ज्या मशिनचं किंवा सॉफ्टवेअरचं जे नाव असेल, तेच अर्जात वापरावं. एकच अर्ज १०० ठिकाणी पाठवण्यापेक्षा जाहिरात वाचून दहा ठिकाणी वेगवेगळा पाठवणं शहाणपणाचं. खंड असेल तर तो लपवू नये. त्या काळात काही शिकलं, काही केलं असेल तर तारखेसह नोंदवावं.

आणि ‘किमान दोन वर्षं अनुभव’ या ओळीने कुणी परत फिरू नये. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची नव्याने मांडणी केली. नुसत्या अनुभवाच्या वर्षांवरून पुढच्या कामाचा अंदाज किती बांधता येतो? सहसंबंध निघाला ०.०७, म्हणजे जवळजवळ शून्य. तरीही आपल्याकडे जाहिरातीची पहिली अट तीच असते, आणि नुकता शिकून बाहेर पडलेला मुलगा ती वाचून पान उलटतो. बाकी काम जमत असेल तर अर्ज करावाच.

जागा निघाल्याचं समजतं तरी कसं, हा वेगळा प्रश्न आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या एका उपनगरातल्या नोकरदारांना विचारलं होतं की ज्याच्याकडून नोकरीची खबर लागली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखातली उत्तरं आजही उपयोगी आहेत. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांचीच ही व्यक्ती नेहमीच्या भेटीतली होती. उरलेल्यांची अधूनमधून किंवा क्वचित भेटणारी. कारण साधं आहे. घरच्यांना आणि जिवलग मित्रांना जे ठाऊक असतं, ते आपल्यालाही ठाऊकच असतं. लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले, तेही याच बाजूचे होते. अगदी घट्ट नात्यांपेक्षा बेताच्या ओळखी नोकरी बदलायला अधिक उपयोगी पडल्या. आपल्याकडे वशिल्याचा वास नको म्हणून अनेक स्वाभिमानी मुलं कुणाला विचारतच नाहीत. पण दोन वर्षं पुढे असलेल्या कॉलेजच्या सीनियरला ‘तुमच्याकडे माणसं घेताहेत का, काम काय असतं?’ असं विचारण्यात कमीपणा नाही. त्यात कुणाचा हक्क मारला जात नाही, फक्त माहिती मिळते.

आता मुलाखत. इथे सल्ल्याचा रोख बदलला पाहिजे.

१९७९ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने सुमारे ८०० मुलांच्या मुलाखती घेऊन १५० जण निवडले. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने ५० जागा वाढवायला लावल्या. तोवर वरच्या क्रमांकांची मुलं इतर ठिकाणी गेली होती, म्हणून ७०० ते ८०० या क्रमांकांमधून ५० जणांना प्रवेश द्यावा लागला. पुढे दोन्ही गटांचं शिक्षण आणि पहिल्या वर्षाचं रुग्णालयातलं काम तपासलं, तर त्यांत सांगण्यासारखा फरक आढळला नाही. मुलाखतीने त्यांना तळाशी टाकलं होतं. प्रत्यक्ष कामात ते इतरांच्या बरोबरीचे ठरले.

अमेरिकेतच जेसन डेना आणि सहकाऱ्यांचा २०१३ मधला प्रयोग याहून बोलका आहे. काही विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांचे परीक्षेतले गुण ओळखायचे होते. काही मुलाखतींत उत्तर देणाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं की प्रश्नातल्या अक्षरांवरून हो किंवा नाही ठरवून सांगायचं, म्हणजे उत्तरांना काहीच अर्थ नव्हता. मुलाखत घेणाऱ्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. समोरचा माणूस आपल्याला उमगला, असंच त्यांना वाटत राहिलं. आणि मुलाखत न घेता फक्त आधीचे गुण पाहून केलेला अंदाज अधिक अचूक निघाला.

‘माणूस बघितला की मला कळतं’ असं छातीठोकपणे सांगणारे मालक, व्यवस्थापक आणि संस्थाचालक महाराष्ट्राच्या प्रत्येक शहरात भेटतात. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही. पण पुरावा त्यांच्या बाजूने नाही. सॅकेट यांच्याच मांडणीत मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा आकडा ०.१९ आहे. सगळ्यांना कामाशी निगडित तेच प्रश्न विचारून प्रत्येक उत्तराला गुण देणाऱ्या ठरीव मुलाखतीचा आकडा ०.४२ आहे, आणि त्या यादीत तो सर्वांत वरचा आहे.

अशी मुलाखत बसवणं अवघड नसतं. १९५५ मध्ये इस्रायलच्या लष्करात एका २१ वर्षांच्या लेफ्टनंटवर हे काम येऊन पडलं. तोवर मुलाखतकार नव्या जवानाशी १५-२० मिनिटं गप्पा मारत आणि याचं लष्करात कसं निभेल, याचा एकंदर अंदाज लिहून टाकत. ते अंदाज जवळजवळ निरुपयोगी ठरत होते. लेफ्टनंटने सहा गुण निश्चित केले. जबाबदारीची जाणीव, माणसांत मिसळणं, अशा स्वरूपाचे. प्रत्येक गुणासाठी वस्तुस्थिती विचारणारे प्रश्न लिहून दिले: आजवर कुठे काम केलं, वेळेवर जायचास का, मित्रांना किती वेळा भेटतोस, खेळांत भाग घेतोस का. एका गुणाला १ ते ५ मधला आकडा देऊन झाल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही. मुलाखतकार चिडले. आम्हाला यंत्रं बनवताय, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा त्याने मधला मार्ग काढला. सहाही आकडे लिहून झाले की डोळे मिटा, हा मुलगा जवान म्हणून कसा दिसतो ते मनात आणा आणि तुमचा स्वतःचा आकडा द्या. काही महिन्यांनी पडताळा घेतला तेव्हा नवी पद्धत जुनीपेक्षा पुष्कळ सरस निघाली, आणि डोळे मिटून दिलेला आकडाही चांगलाच उपयोगी ठरला. शिस्तीने माहिती घेतल्यानंतर अंतर्ज्ञानालाही किंमत येते, हा त्यातला धडा. तो लेफ्टनंट म्हणजे डॅनियल कानेमन, २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी.

नाशिकच्या अंबडमधल्या लहान कारखानदाराला किंवा साताऱ्यातल्या दूध डेअरीच्या व्यवस्थापकाला हे उद्यापासून जमण्यासारखं आहे. कामाला लागणारे पाच-सहा गुण कागदावर लिहायचे, प्रत्येकासाठी एक प्रश्न ठरवायचा, तो सगळ्यांना विचारायचा. खरं तर कारखान्यातली भरती पुष्कळदा ऑफिसातल्या भरतीपेक्षा न्याय्य असते. वेल्डरला वेल्डिंग करून दाखवायला सांगतात, फिटरच्या हातात कानस आणि व्हर्नियर देतात. ट्रेड टेस्टला कुणी त्याचं इंग्रजी ऐकत नाही. हिशेबनीस, विक्रेता, शिक्षिका, रिसेप्शनिस्ट यांच्याकडूनही अर्धा तास तेच काम करून घेता येतं.

मुलाखतीचं माप किती असावं, यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच बोट ठेवलं आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशांचा तो खटला, अजय हसिया नावाने ओळखला जाणारा. लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडी परीक्षेला ५०. तोंडी परीक्षा प्रत्येकी दोन-तीन मिनिटांची, आणि प्रश्न आई-वडिलांचे आणि राहण्याच्या जागेचे. एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक गुण तोंडी परीक्षेला देणं मनमानीचं आहे, असं न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालात म्हटलं गेलं. पुढे केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. गरीब घरातल्या मुलांना याचा दिलासा मिळाला, कारण मुलाखतीसाठी कुणाला तरी भेटावं लागतं ही धास्ती गेली. खासगी क्षेत्रात मात्र ‘गाव कोणतं, वडील काय करतात’ हे प्रश्न अजून रोज विचारले जातात.

ते प्रश्न निरुपद्रवी नाहीत. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे एक अभ्यास केला. इंग्रजी दैनिकांतल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पदव्या आणि अनुभव सारखे, फरक नावाचा: कुठे सवर्ण हिंदू आडनाव, कुठे दलित, कुठे मुस्लिम नाव. बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघालं. अजून कुणी चेहराही पाहिलेला नव्हता. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या २००७ मधल्या त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांचा लेख होता. त्यांनी बड्या कंपन्यांच्या २५ मनुष्यबळ व्यवस्थापकांशी बोलून पाहिलं. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं सगळे सांगत होते, आणि जवळजवळ सगळेच उमेदवाराला कुटुंबाची पार्श्वभूमी विचारत होते.

शेतमजुराच्या मुलीला या प्रश्नाचं उत्तर द्यायला लावणं अन्यायाचं आहे, हे स्पष्ट शब्दांत म्हटलं पाहिजे. पण प्रश्न आलाच, तर तिने काय करावं? एका वाक्यात खरं सांगावं आणि दुसऱ्याच वाक्यात कामाकडे वळावं: वडील शेतात काम करतात, शिक्षणाचा खर्च मी तीन वर्षं शिकवण्या घेऊन भागवला, आणि मुलांना गणित सोपं करून सांगायची सवय तिथेच लागली. लग्न कधी, मूल कधी, हे प्रश्नही असेच. २०१७ पासून प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, आणि तो खर्च टाळायला काही मालक मुलाखतीतच चाचपणी करतात. ‘या कामाची वेळ आणि जबाबदारी मी पूर्ण निभावेन’ एवढं उत्तर पुरे. त्यापुढची माहिती देण्याचं बंधन तिच्यावर नाही.

भाषेचंही तसंच. नांदेडच्या शाखेत शेतकऱ्यांशी बोलून कर्जाची प्रकरणं करायची, त्या कामाची मुलाखत इंग्रजीतून कशासाठी? मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्याला केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुलाखतही मराठीतून देता येते. देशाचे जिल्हाधिकारी ज्या मुलाखतीतून निवडले जातात तिथे जे चालतं, ते लातूरच्या सेल्स एक्झिक्युटिव्हला चालायला हवं. उमेदवाराने आदल्या दिवशी फोन करून मुलाखतीची भाषा विचारावी. इंग्रजी लागणारच असेल तर स्वतःच्या कामाबद्दलची पाच-सात वाक्यं तरी तोंडात बसवावीत.

तयारी म्हणजे नेमकं काय? छापील प्रश्नोत्तरं पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या कामातले पाच-सहा प्रसंग आठवावेत. अडचण काय होती, त्यात आपण स्वतः काय केलं, शेवटी काय झालं. एखादा प्रसंग फसलेलाही असावा. ‘आम्ही केलं’ म्हणण्याची मराठी माणसाची रीत चांगली आहे, पण समोरच्याला एकाच माणसाला पगार द्यायचा असतो. म्हणून आपला वाटा वेगळा करून सांगावा. मुलाखतकार गप्पांतच रमला असेल, तर अशा प्रसंगांमुळे उमेदवार स्वतःच बोलणं कामाकडे आणू शकतो. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तर पगार, सुटी, कामाचे तास, कायम की कंत्राटी, हे सगळं विचारावं. यात उद्धटपणा काही नाही.

आणि कुणी नोकरीआधी अनामत, प्रशिक्षण शुल्क किंवा लॅपटॉपचे पैसे मागितले, की तिथेच थांबावं. परदेशी पाठवणाऱ्या एजंटाची नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. त्याला कायद्याने सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून नेलेल्या आणि म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

राज्याचा कौशल्य विकास विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे भरवतो. तिथे टेबल मांडणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून तीन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात: हातात पडणारा पगार, मुलाखतीत सर्वांना विचारले जाणारे प्रश्न कोणत्या कौशल्यांवर असतील, आणि निवड झाली की नाही हे प्रत्येकाला किती दिवसांत कळवणार. घरच्यांची, जातीची, लग्नाची चौकशी करणार नाही, हेही त्याच कागदावर यावं. कंपन्यांच्या नोंदणीच्या अर्जात एवढे रकाने वाढवायला नवा कायदा लागत नाही की वेगळा निधी लागत नाही, विभागाचं एक परिपत्रक पुरतं.